देब्युसीच्या कमी ऐकल्या जाणाऱ्या रचना वाद्यवृंदात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोद देब्युसीच्या (१८६२–१९१८) पियानोसाठी लिहिलेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या रचना इतरांनी वाद्यवृंदासाठी कशा बांधल्या, या विषयावर आम्ही काही मित्र पुण्यात श्रवणबैठका घेतो. प्रत्येक बैठकीनंतर प्रश्न येतात आणि त्यातले बरेच पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ‘ला मेर’ किंवा ‘फॉनची दुपार’ यांच्याबद्दल इथे काही नाही. त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. इथे आहेत त्यांची मागे राहिलेली भावंडं.

१. ऑर्केस्ट्रा म्हणजे गाण्यांचा कार्यक्रम ना? मग हे ऑर्केस्ट्रेशन काय असतं?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला मांडव, निवेदक आणि हिंदी-मराठी गाणी आठवतात. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद: व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंतची तंतुवाद्यं, फ्लूट-ओबो-क्लॅरिनेट-बासून, हॉर्न आणि ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, हार्प आणि तालवाद्यं. सूर आधीच लिहून झालेले असतात. कोणता सूर कोणी वाजवायचा, किती जणांनी, किती वेळ धरायचा आणि कोणाच्या आवाजामागे लपवायचा, हे ठरवणं म्हणजे ऑर्केस्ट्रेशन.

अरेंजमेंट हा शब्द त्याहून मोकळा आहे. त्यात पट्टी बदलता येते, भाग गाळता येतो, नवं काही घालताही येतं. हिंदी चित्रपटसंगीतात शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अरेंजर. चालीभोवतीच्या व्हायोलिनच्या ओळी आणि मधले तुकडे उभे करण्यात अशा मंडळींचा मोठा हात असे. देब्युसीच्या रचना वाद्यवृंदात नेणाऱ्यांनी मात्र स्वतःचा सूर सहसा घातला नाही. त्यांची कामगिरी वाटपातली आहे, म्हणून ती पटकन कानावर येत नाही.

२. देब्युसी स्वतः वाद्यवृंदाचा एवढा जाणकार, मग हे काम दुसऱ्यांकडे का गेलं?

तीन कारणं होती आणि बहुतेक वेळा ती एकत्रच असत. पहिलं पैशाचं. एमा बार्दाकशी संसार थाटल्यावर त्याचा खर्च कायम उत्पन्नाच्या पुढे धावला. कामं घेतली जात, मुदत संपत येई, आणि शेकडो पानांची वाद्यवार मांडणी एका हाताने पुरी होत नसे. दुसरं आजारपणाचं. कर्करोगाने त्याला शेवटची वर्षं पोखरलं. डिसेंबर १९१५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिसरं स्वभावाचं. एखादी रचना मनात पूर्ण झाली की तिची पुन्हा सुबक नक्कल काढण्यात त्याचं मन लागत नसे.

पण सगळंच दुसऱ्यांनी केलं असं नाही. चार हातांच्या पियानोसाठी (म्हणजे दोघांनी एकाच पियानोवर वाजवायला) लिहिलेली ‘मार्श एकोसेझ’ त्याने स्वतः वाद्यवृंदात नेली. १९१० चा संथ वॉल्ट्झ ‘ला प्ल्यू क लांत’ छोट्या वृंदासाठी मांडताना त्याने त्यात सिंबालोम घातलं. काठ्यांनी वाजवायचं हे हंगेरियन वाद्य आपल्या संतूरच्या नात्यातलं. बेल्जियमचा राजा आल्बेर पहिला याच्यासाठी १९१४ मध्ये लिहिलेलं ‘बेर्सोझ एरोईक’ही त्याने स्वतःच त्याच वर्षी वाद्यवृंदासाठी बांधलं. या तीन रचना आधी ऐका. देब्युसी स्वतःचंच काम कसं वाटून देतो ते कानात बसलं, की इतरांच्या निवडी पारखायला सोपं जातं.

३. पियानोचा तुकडा पियानोवर छान वाजतो. त्याला वाद्यवृंद लागतोच कशाला?

लागत नाही. पण नेला तर काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाची नाडी इथेच आहे.

पियानोचा सूर हातोडी तारेवर पडली की जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरत जातो. सतारीचंही तसंच, सारंगीचं तसं नाही. सारंगीवर गज फिरतोय तोवर सूर जिवंत असतो आणि मध्येच फुगवताही येतो. आता पियानोचा उजवा पेडल दाबून ठेवा. सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि आधीचे सूर नव्या सुरांच्या अंगावर सांडतात. देब्युसीचं पियानोसंगीत या सांडण्यावर उभं आहे. पेडल कुठे दाबायचा, कुठे सोडायचा हे तो पुष्कळदा लिहीतच नाही. वाजवणाऱ्याचा कान ते ठरवतो.

वाद्यवृंदाला पेडल नसतो. फ्लूटवाला फुंकणं थांबवतो तेव्हा सूर संपतो. त्यामुळे पियानोवर जे धुकं आपोआप तयार होतं, ते इथे कोणीतरी कागदावर लिहावं लागतं: हा सूर हॉर्नने अडीच मात्रा धरायचा, हा व्हियोलांनी हळूहळू विरवायचा, इथे हार्पच्या तारा घुमू द्यायच्या. पियानोवादक दर वेळी वेगळा निर्णय घेऊ शकतो. वाद्यवृंदकाराला एकदाच घ्यावा लागतो आणि तो कायमचा छापला जातो. म्हणून उत्तम ऑर्केस्ट्रेशन ऐकताना तुम्ही खरं तर एका कसलेल्या माणसाचं त्या रचनेबद्दलचं मत ऐकत असता.

४. नवख्याने कुठून सुरुवात करावी?

‘पतीत स्वीत’ म्हणजे छोटी मालिका. चार तुकडे, मिळून साधारण तेरा-चौदा मिनिटं. १८८९ मध्ये ती चार हातांच्या पियानोसाठी छापली गेली आणि देब्युसीने प्रकाशक जाक द्यूरांबरोबर एका पॅरिसकराच्या दिवाणखान्यात वाजवली. घरात दोघांनी शेजारी बसून वाजवायचं संगीत, इतकाच तिचा आव. १९०७ मध्ये आंरी ब्युसेरने ती वाद्यवृंदात आणली. ब्युसेर हा देब्युसीच्या ‘पेलेआस’ या ऑपेराचं संचालन केलेला माणूस, त्यामुळे त्याचा कान या भाषेला सरावलेला होता. १८७२ मध्ये तूलूझला जन्मला आणि १९७३ मध्ये वारला. शंभरी ओलांडली त्याने.

पहिला तुकडा ‘नावेत’. पियानोवर एक जोडीदार लाटांसारखे खालून वर जाणारे सुटे सूर वाजवतो आणि दुसरा त्यावर चाल सोडतो. ब्युसेरने लाटा हार्पला दिल्या आणि चाल फ्लूटला. ऐकल्यावर वाटतं, यात काय विशेष, कोणीही हेच केलं असतं. पण एकदा चाल व्हायोलिनवर कल्पून पाहा. सगळी नाव किनाऱ्याला लागते. फ्लूटच्या खालच्या आणि मधल्या पट्टीत जो श्वास मिसळलेला असतो, तोच पाण्यावरची हवा होतो. बाकीचे तीन तुकडे म्हणजे ‘मिरवणूक’, ‘मिन्युएट’ आणि ‘बॅले’. ‘बॅले’त दोनच्या ठेक्यातून मध्येच तीनच्या ठेक्याचा वॉल्ट्झ फुटतो, तिथे पाय थांबत नाहीत.

५. आंद्रे काप्लेचं नाव सारखं येतं. तो कोण?

ल आव्रचा, १८७८ चा जन्म. १९०१ मध्ये त्याने प्री द रोम हे, विजेत्याला रोममध्ये राहायला पाठवणारं, मोठं फ्रेंच बक्षीस मिळवलं आणि त्या वर्षी स्पर्धेत मोरिस राव्हेलही होता. पुढे तो देब्युसीचा जवळचा सहकारी झाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर विषारी वायूने त्याची फुप्फुसं खराब झाली आणि १९२५ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो गेला. स्वतः उत्तम रचनाकार असलेल्या माणसाने आयुष्याचा इतका भाग दुसऱ्याचं काम नीट उतरवण्यात घालवावा, याचं मला फार मोल वाटतं.

त्याची तीन कामं लक्षात ठेवा. पहिलं ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’, देब्युसीने १९०८ मध्ये लेक शूशूला अर्पण केलेले सहा पियानोतुकडे. तुकड्यांची नावं देब्युसीने स्वतःच इंग्रजीत ठेवली होती. काप्लेची वाद्यवृंदमांडणी १९११ ची. शेवटच्या ‘गॉलिवॉग’च्या नाचात देब्युसी मध्येच जर्मन रचनाकार वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या गंभीर ऑपेराची सुरुवात आणतो, वर ‘खूप भावविवश होऊन’ अशी सूचना लिहितो आणि लगेच त्यावर खुदकन हसणारे सूर टाकतो. पियानोवर हा विनोद अनेकांच्या हातून निसटतो. वाद्यवृंदात वाग्नरचे सूर वाग्नरच्याच घरच्या वाद्यांवर येतात, त्यामुळे तो नीट कळतो.

दुसरं ‘ल मार्तीर द सँ सेबास्तियां’, म्हणजे ‘संत सेबास्तियनचं हौतात्म्य’. गाब्रिएले द’अन्नुन्झिओचं पाचेक तासांचं नाटक, नर्तकी इदा रुबिनस्टाइन सेबास्तियनच्या भूमिकेत, २२ मे १९११ ला पॅरिसच्या शातले नाट्यगृहात पहिला प्रयोग. ज्यू स्त्री ख्रिस्ती संत साकारते म्हणून पॅरिसच्या आर्चबिशपने कॅथलिकांना नाटक पाहायला मनाई केली होती. संगीताला जेमतेम काही महिने मिळाले होते. काप्लेने वाद्यवृंदाच्या मांडणीत बराच भार उचलला आणि प्रयोगाचं संचालनही केलं. तिसऱ्या कामासाठी पुढचा प्रश्न पाहा.

६. देब्युसीने भारतीय राग वापरलाय असं ऐकलं. खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तो ‘ला ब्वात आ झुझू’, म्हणजे ‘खेळण्यांचा खोका’, या बाल-बॅलेबद्दल असतो. १९१३ चं काम. गोष्ट आणि चित्रं आंद्रे एलेची. बाहुली विदूषकावर भाळते, लाकडी शिपाई तिच्यावर; लढाई होते, शिपाई जखमी होतो, बाहुली त्याची शुश्रूषा करते आणि शेवटी त्यांचा संसार. पहिल्या भागात खेळण्यातला हत्ती येतो. तिथे देब्युसीने टीप लिहिली आहे. तिचा आशय असा: हे जुनं हिंदू गीत असून हत्ती माणसाळवण्यासाठी आजही वापरतात, ते ‘पहाटे पाचच्या’ सप्तकावर बांधलेलं आहे आणि म्हणून सक्तीने ५/४ मात्रांत आहे.

पाच वाजले म्हणून पाच मात्रा! हा देब्युसीचा मुलांसाठीचा खेळकरपणा आहे. त्यात ललत की भैरव शोधत बसू नये; रागाचं नाव तो देत नाही, आरोह-अवरोह पाळत नाही. तरीही त्या ओळीत एक खरी गोष्ट आहे. आपल्याकडे सुरावटीला प्रहर असतो, हे त्या पॅरिसच्या माणसाच्या कानावर आलेलं होतं आणि ते त्याला इतकं आवडलं की लेकीच्या वयाच्या मुलांसाठी त्याने ते खेळणं करून टाकलं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गामेलान (घंटा-झांजांचा वाद्यमेळ) ऐकून भारावलेला हा माणूस. पूर्वेकडचं काही कानावर पडलं की तो थांबत असे.

वाद्यवृंदाचं काम देब्युसीने सुरू केलं होतं. ते पुरं केलं काप्लेने, देब्युसी गेल्यानंतर, आणि बॅले १० डिसेंबर १९१९ ला पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. शूशूने तो पाहिला नाही. वडिलांच्या मागोमाग, १९१९ च्या जुलैमध्येच, चौदा पूर्ण व्हायच्या आत, ती गेली होती.

७. ‘खाम्मा’ नेमकं कोणाचं? मुखपृष्ठावर देब्युसी, आत केक्लां.

सूर देब्युसीचे. वाद्यवृंद सुरुवातीला देब्युसीचा, पुढे फ्रेंच रचनाकार शार्ल केक्लांचा.

कॅनडात जन्मलेल्या मॉड अॅलन या नर्तकीने ही इजिप्तची नृत्यकथा मागवली. शहराला शत्रूने वेढलंय, आमून-रा देवाच्या मूर्तीसमोर खाम्मा नाचते, देव प्रसन्न होतो आणि ती तिथेच कोसळून मरते. देब्युसीने १९११-१२ मध्ये पियानोची प्रत पूर्ण केली. मग अॅलनबाईंशी लांबीवरून आणि वृंदाच्या आकारावरून बिनसलं. वैतागलेल्या देब्युसीने उरलेली मांडणी केक्लांकडे सोपवली आणि त्याने ती देब्युसीच्या देखरेखीखाली केली. अॅलन ते कधीच नाचली नाही. वाद्यवृंदाने ते प्रथम वाजवलं १९२४ मध्ये, देब्युसीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. रंगमंचावर यायला १९४७ उजाडलं.

बैठकीत आम्ही एक प्रयोग करतो. देब्युसीचा हात कुठे थांबला ते न सांगता तबकडी लावतो आणि बदल जाणवला की हात वर करायला सांगतो. हात सगळीकडे वर होतात, बरोबर जागी फारसे नाहीत. केक्लांला याहून मोठी दाद नाही. माझ्या मते या यादीतलं हे सर्वात अन्याय झालेलं काम आहे. मंदिरातली ती घुसमट, खालच्या पट्टीतली कुजबुज आणि दुरून येणारे ट्रंपेट एकदा अंधारात ऐका.

८. देब्युसीने सॅक्सोफोनसाठी लिहिलंय?

हो, पण मन लावून नाही. बॉस्टनच्या एलिस हॉल या वाद्यप्रेमी बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे रचना मागितली आणि पैसेही दिले. त्यांच्यामुळे व्हँसां दँदीसारख्यांनीही या वाद्यासाठी लिहिलं. देब्युसीला सॅक्सोफोनची फारशी ओळख नव्हती आणि काम वर्षानुवर्षं लांबलं. त्याच्यामागे उरला तो थोडक्या ओळींत लिहिलेला आराखडा. रचनाकार झां रोजे-द्यूकासने त्यावरून पूर्ण वाद्यवृंद उभा केला आणि मे १९१९ मध्ये पॅरिसला ‘रॅप्सोदी’ वाजली.

सॅक्सोफोनवादक विचारतात की यात आम्हाला इतकं थोडं का? आराखड्यातच ते तसं आहे. वाद्य पुढे येतं, एखादी वळणदार ओळ सोडतं आणि पुन्हा गर्दीत मिसळतं. कसरती शोधणाऱ्याची निराशा होईल. रंग शोधणाऱ्याला दहा मिनिटं पुरतील.

९. ‘प्रँतां’ तर मुळातच वाद्यवृंदासाठी होतं. ते या यादीत का?

कारण आपण आज ऐकतो तो वाद्यवृंद देब्युसीने लिहिलेला नाही. प्री द रोम मिळवून तो रोमला राहात होता तेव्हा, १८८७ मध्ये, त्याने ही वसंतावरची रचना शब्दांविना गाणाऱ्या वृंदासह पॅरिसच्या अकादमीकडे पाठवण्यासाठी लिहिली. अकादमीला ती रुचली नाही. ‘अस्पष्ट इम्प्रेशनिझम’पासून सावध राहा, असा इशारा अहवालात आला. देब्युसीला आयुष्यभर चिकटलेलं हे लेबल त्याच्या संगीताला लागलं ते तिथे. मूळ वाद्यवृंदप्रत बायंडरकडे आगीत जळाली, असं देब्युसी सांगत असे. १९१२ मध्ये ब्युसेरने पियानोप्रतीवरून, देब्युसीच्या देखरेखीखाली, ती पुन्हा बांधली. गाणाऱ्यांचा वृंद गेला आणि वाद्यवृंदाच्या पोटात चार हातांचा पियानो आला. हा पियानो एकलवादकासारखा पुढे येत नाही. हार्पच्या शेजारचं एक चमकतं वाद्य म्हणून बसतो.

१०. राव्हेलने देब्युसीचं काही केलंय का? दोघांचं पटत नव्हतं ना?

शेवटी शेवटी दोघांत अंतर पडलं होतं, पण आदर गेला नव्हता. १९२२ मध्ये, देब्युसी गेल्यानंतर, राव्हेलने त्याचे दोन पियानोतुकडे वाद्यवृंदात नेले: ‘पूर ल पियानो’ मधली ‘साराबांद’ आणि १८९० चा ‘दांस’. ‘दांस’चं आधीचं नाव ‘तारांतेल स्तिरियेन’. १८ मार्च १९२३ ला पॅरिसमध्ये पॉल परे यांच्या संचालनाखाली ते वाजले.

‘दांस’मध्ये ठेका सतत दुहेरी बोलतो. सहा मात्रा कधी तीन-तीन अशा दोन वाटतात, कधी दोन-दोन अशा तीन. तबल्याच्या अंगाने ऐकणाऱ्याला ही लय लगेच सापडते. पियानोवर दोन्ही ठेके एकाच रंगात असतात. राव्हेल वाद्यं वेगळी करून त्यांची धार दाखवतो. ब्युसेर आणि राव्हेल यांतला फरकही इथे दिसतो: ब्युसेर चाल सुखाने वाहील असं पाहतो, राव्हेल प्रत्येक सांधा कोरतो. मला ‘साराबांद’ पियानोवर जास्त भावते, हेही सांगून टाकते. त्या जड, एकामागून एक सरकणाऱ्या स्वरसंघांना विरायला जागा लागते. वाद्यवृंदात ते उभे राहतात, विरत नाहीत. (का, ते प्रश्न ३ मध्ये.)

११. ‘सहा प्राचीन शिलालेख’ पियानोचे, वाद्यवृंदाचे की फ्लूट-हार्पचे? तिन्ही मिळतात.

तिन्ही खरे, आणि त्यामुळेच हे प्रकरण गोड आहे. मित्र पिएर लुईसच्या ‘बिलितिसची गाणी’ या काव्यांच्या वाचनासोबत वाजवायला देब्युसीने १९०१ मध्ये दोन फ्लूट, दोन हार्प आणि सेलेस्टा या घंटीसारख्या आवाजाच्या छोट्या कीबोर्डवाद्यासाठी छोटे तुकडे लिहिले. एकदाच वाजले आणि बाजूला पडले. १९१४ मध्ये त्यातलं साहित्य घेऊन त्याने चार हातांच्या पियानोसाठी सहा तुकडे केले: ‘सिझ एपिग्राफ आंतीक’. पुढे स्विस संचालक एर्नेस्त आन्सेर्मेने त्यांचा वाद्यवृंद केला. आन्सेर्मे आधी गणित शिकवत असे. १९१८ मध्ये त्याने जिनिव्हात स्विस रोमांद वाद्यवृंद स्थापन केला.

म्हणजे वाद्यांसाठी जन्मलेलं संगीत पियानोत गेलं आणि पुन्हा वाद्यांत आलं, फक्त घर मोठं झालं. सहावा तुकडा ‘सकाळच्या पावसाचे आभार मानण्यासाठी’. वरच्या पट्टीत थेंब एकसारखे पडत राहतात आणि शेवटी पाऊस थांबताना पहिल्या तुकड्यातली पॅन देवाची सुरावट परत येते. आधी पाच वाद्यांची मूळची रूपं, मग पियानो, मग आन्सेर्मे, अशा क्रमाने ऐका. उलट क्रमाने ऐकलंत तर मूळ रूप उघडंबोडकं वाटेल आणि त्याच्यावर अन्याय होईल.

१२. ‘क्लेर द ल्यून’बद्दल काहीच नाही?

ते कमी ऐकलेलं नाही, म्हणून थोडक्यात. काप्ले, ल्यूसियां काये आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या मांडण्या प्रसिद्ध आहेत. स्टोकोव्स्कीची १९४० च्या ‘फँटेसिया’ या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झाली होती, पण तो भाग चित्रपटातून गाळला गेला.

१३. सगळ्या चोवीस प्रेल्यूड्सची, म्हणजे देब्युसीच्या त्या छोट्या पियानोतुकड्यांची, वाद्यवृंदमांडणी आहे का?

आहे. इंग्लंडचे रचनाकार कॉलिन मॅथ्यूज यांनी २००१ ते २००७ या काळात मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदासाठी चोवीसही केल्या आणि शेवटी ‘मस्यू क्रोश’ हा स्वतःचा तुकडा जोडला. क्रोश हे देब्युसीने आपल्या समीक्षालेखनासाठी उभं केलेलं पात्र.

इथे प्रश्न १ मधला फरक धूसर होतो. मॅथ्यूज काही ठिकाणी मुळाला चिकटून राहतात, काही ठिकाणी मोकळे होतात. लय सैल करतात, सूर लांबवतात. शुद्धतावाद्यांना खटकतं. मला ते प्रामाणिक वाटतं, कारण शंभर वर्षांनंतरच्या माणसाने आपण काप्लेच आहोत असं भासवण्यात काय अर्थ? देब्युसीने प्रेल्यूड्सची नावं तुकड्याच्या वर न छापता शेवटी, कंसात, टिंबांमागे छापली. आधी ऐका, मग नाव वाचा. त्यातलंच एक ‘चांदण्यातल्या दरबाराची गच्ची’ हे नाव १९११ च्या दिल्ली दरबाराविषयी पॅरिसच्या वृत्तपत्रात आलेल्या वर्णनावरून घेतलं, असं मानलं जातं.

१४. उलट झालंय का? देब्युसीने दुसऱ्याचं काही वाद्यवृंदात नेलंय?

हो. एरिक सातीच्या तीन ‘झिम्नोपेदी’ १८८८ च्या. देब्युसीने त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्याचा वाद्यवृंद केला, आणि त्या फेब्रुवारी १८९७ मध्ये पॅरिसला वाजल्या. क्रमांक मात्र त्याने उलटे केले: सातीची तिसरी त्याच्याकडे पहिली, पहिली तिसरी. त्यामुळे ध्वनिमुद्रणांवर आजही गोंधळ होतो. दुसरी त्याला वाद्यवृंदाजोगी वाटली नाही.

१५. यातलं कोणतं देब्युसीच्या संमतीने झालं आणि कोणतं नंतर?

हयातीत झालेली कामं: ‘पतीत स्वीत’, ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’, ‘सेबास्तियां’, ‘प्रँतां’ आणि ‘खाम्मा’. मृत्यूनंतरची: ‘खेळण्यांचा खोका’ (सुरुवात देब्युसीची), सॅक्सोफोनची रॅप्सोदी, राव्हेलचे दोन तुकडे, आन्सेर्मेचे शिलालेख आणि मॅथ्यूज यांच्या प्रेल्यूड्स. पण संमती ही गुणवत्तेची पावती समजू नका. राव्हेलच्या कामाला देब्युसीची संमती नव्हती, तरी त्याचा ‘दांस’ यातल्या कुठल्याही कामाच्या पंक्तीला बसतो.

१६. आम्हाला कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवायचंय. देब्युसी मोफत ना?

देब्युसी मोफत, वाद्यवृंदकार कदाचित नाही. इथे पुष्कळजण फसतात. भारतीय कायद्यात संगीताची मांडणी ही स्वतंत्र कृती धरली जाते आणि तिचा हक्क तो माणूस वारल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. काप्ले (मृत्यू १९२५), राव्हेल (१९३७), केक्लां (१९५०) आणि रोजे-द्यूकास (१९५४) यांची मुदत संपली आहे. ब्युसेर १९७३ चा, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत. आन्सेर्मे १९६९ चा, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. युरोपात मुदत सत्तर वर्षांची आहे. तिकडे कार्यक्रम करणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात घ्यावं. अमेरिकेतल्या संकेतस्थळावर ‘पतीत स्वीत’ची प्रत मुक्त दिसली तरी ती तिथल्या नियमाने मुक्त आहे. तालमी सुरू करण्याआधी प्रकाशकाला पत्र लिहा.

१७. हार्प नाही. काय करावं?

मुंबईबाहेर हा प्रश्न हमखास येतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियामुळे (स्थापना २००६) हार्प ऐकायला मिळतो, बाकी ठिकाणी दुर्मीळ.

आम्ही हौशी मंडळींनी ‘नावेत’ वाजवायचं ठरवलं तेव्हा हार्पची ओळ कीबोर्डवर घेतली. आवाज ‘हार्प’चाच निवडला, तरी सगळं चिखल. दोन तालमी कळेना काय चुकतंय. मग व्हियोलावाल्या ताईंनी वाकून खाली पाहिलं: वाजवणाऱ्याचा पाय सवयीने पेडलवर होता. हार्पच्या तारा घुमतात, पण वादक हाताने त्या थोपवतो. कीबोर्डचा पेडल काहीच थोपवत नाही. पाय काढला, आवाज अर्ध्यावर आणला, आणि प्रत्येक मात्रेच्या पहिल्या सुरावर चेलोंना बोटाने हलकेच तार छेडायला सांगितली. कीबोर्डच्या सुराला नसलेली ती सुरुवातीची टिचकी चेलोंनी दिली आणि फ्लूट मोकळा झाला.

‘चिल्ड्रन्स कॉर्नर’लाही हा उपाय लागू पडतो. ‘शिलालेखां’ना पडत नाही, तिथे हार्प रचनेच्या गाभ्यात आहे, त्यामुळे खरा हार्प मिळेपर्यंत चार हातांची मूळ प्रत वाजवा. एक पियानो आणि दोन माणसं पुरतात.